तीस टक्के कपातीतला रपटा

ता. ११ मार्च २००३

जवाईबापू घनश्यामजी यांना उदारामचा हात जोडून रामराम. तुमचा गुडघा आता वाकतो का? शकुन माहेरची आठवण काढते ना? (काढत नसेल तर हे पत्र तिच्यापुढं मोठ्यानं वाचा.) आम्ही इकडं सारे बरे, म्हणजे तब्येतीनं. डोक्यानं म्हणाल तर मी पार हैराण होऊन राहिलो.

कारण आपला रपटा. गावात शिरताना नाल्यावरचा बुटका पूल, मागच्या पावसाळ्यात अर्धा वाहून गेला तो. रीनाचं लग्न वैशाखात, अन् व्याही चैतरामजींनी साफ कळवलं की वऱ्हाडाची बस दारापर्यंत येत नसेल तर लग्न आमच्याच गावी लावा. म्हणजे पोरीचा बाप मी, मांडव त्यांच्या दारी, अन् मी काय पाहुण्यासारखा पंगतीत बसू? पोरीचा जीव आपल्या अंगणात आहे. आठवडा झाला, धड जेवली नाही. मला ते पाहवत नाही हो.

म्हणून गेलो रस्त्याच्या हापिसात. तिथले इंजिनीअर साहेब भला माणूस. चहा झाला (पैसे मी दिले, पण प्याले ते प्रेमानं), मग फाइल उघडून दाखवली. रपटा बजेटमध्ये होता! पण राज्याकडं कर कमी जमला, म्हणून वरून सगळ्या कामांत तीस टक्के कपात. मी म्हटलं, मग सत्तर टक्के रपटा बांधा साहेब, उरलेला आम्ही उडी मारून पार करू. तर म्हणे तसं होत नाही, आलेल्या पैशातून आधी पगार, मग ठेकेदारांची जुनी बिलं, अन् त्यातून उरलं तर रपटा. मग चष्मा काढून मलाच विचारलं, "काका, तुमच्या गावचे लोक तेल कुठं भरतात?" सीमा चार कोसांवर, अन् पलीकडं तुमच्या छत्तीसगडात डिझेल स्वस्त, हे आमच्या गावच्या शेळ्यांनाही माहीत. साहेब बोलले, "कर तिकडं देता अन् रपटा इकडं मागता!"

जवाईबापू, अशी शरम वाटली की विचारू नका. गाव जमवलं, अर्धा तास भाषण ठोकलं, आजपासून तेल महाराष्ट्रातच भरायचं अशी सगळ्यांना शपथ घातली. किराणावाल्या खुशालनं तर दोन्ही हात वर केले. फक्त आमच्या पार्वताबाईनं सभेतच विचारलं, "काऊन जी, तुमच्या ट्रॅक्टरात कुठचं तेल हाये?" बायकोचा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे, मी लक्ष दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी लोक शपथ पाळतात की नाही ते पाहायला सीमेपलीकडच्या पंपावर गेलो. (ट्रॅक्टर नेला, कारण पायी गेलो असतो तर संशय आला असता. दोन रिकामे डबे ट्रॉलीत आधीच पडून होते.) पाहतो तर अख्खं गाव लायनीत! खुशाल सगळ्यात पुढं. त्याला झापणार, इतक्यात माझ्यामागं एक जीप येऊन थांबली. तिच्यात इंजिनीअर साहेब! मी आभाळाकडं पाहिलं, त्यांनी पंपाच्या मीटरकडं. दोघांनीही आपापलं तेल भरलं. निघताना साहेब हळूच बोलले, "काका, सर्वे करून राहिलो." मी म्हटलं, "मी पण."

असो. राज्य चालवणं सोपं नाही, एवढं मला कळलं. शकुनला आशीर्वाद, लेकरांना पापा.

तुमचा,
उदाराम

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलंच. रपटा काही होत नाही, तेव्हा वऱ्हाड चार ट्रॅक्टरांत बसवून नाल्यातून आणीन म्हणतो. चैतरामजींना गादी टाकून देऊ. लग्नाला याल तेव्हा तिकडचं डिझेल एक ड्रम भरून आणा. वर लुगडी टाकून झाका.

ता. क. २ : पत्र पेटीत टाकायला निघालो तर साहेबांचा माणूस आला. दुसऱ्या कामाचा चार ट्रक मुरूम उरला आहे, तो लग्नाआधी रपट्यावर टाकून देतात, बस आरामात निघेल. मांडव आपल्याच दारी, जवाईबापू! रीना ऐकून रडली अन् मग तीन भाकरी जेवली. आता ट्रॅक्टर लागत नाहीत, पण ड्रम आणायचा विसरू नका. तो साहेबांना पाहिजे.