टांगलेल्या इंजिनाखाली

१० जाने., शनिवार
मॉडेलच्या स्पर्धेत पहिला नंबर आला! विमानं, जहाजं, रणगाडे सगळ्यांनी केलते. रणगाडा दुरुस्त करणारी माणसं केली ती मी एकट्यानंच. पाच जण. एकेक माणूस बोटाच्या दोन पेरांएवढा. रणगाड्याचं इंजिन क्रेनला टांगलंय, एकजण खाली वाकून आत हात घालतोय, दुसरा त्याला बोट दाखवतोय. परीक्षक चष्मा वर करून बघतच राहिला. म्हणाला, "ह्या दोघांत कायतरी हाय बघा."

हाय की. काय हाय ते मला माहीत हाय. आप्पांनी दिवाळीत सांगितलेलं. मला एकट्याला. आईला ती मरेपर्यंत सांगितलं नाही. फौजेत आप्पा हवालदार मेकॅनिक. त्यांच्या हाताखाली शंकर, आपल्याच भागातला, पेठ वडगावचा, म्हणून जास्त जीव. टांगलेल्या इंजिनाखाली जायचं नाही हे पहिल्या दिवशी शिकवतात. पाना खाली पडला, घाई होती, आप्पांनी बोट दाखवलं. "घे की पटकन." साखळी सुटली, शंकर जागीच गेला. चौकशीत आप्पांनी लिहून दिलं, तो आपणहून इंजिनाखाली गेला.

चाळीस वर्षं पोटात ठेवलेलं. मी दोन महिन्यांत पुट्टीचं करून हॉलमध्ये मांडलं. कार्डावर नाव पण तेच, "घे की पटकन". कुणाला काय कळतंय, म्हटलं.

११ जाने., रविवार
सु. आप्पांना हॉलवर घेऊन आली. सासऱ्यांना सरप्राइज म्हणे. तिला बिचारीला काय माहीत.

आप्पा वाकले. आधी इंजिन बघितलं, "ब्येस केलंयस" म्हणाले. मग तो बोट दाखवणारा बघितला. मिशी त्यांची. डावा खांदा पडका, तोही त्यांचाच. जुन्या फोटोवरनं केलेला, हुबेहूब. मग कार्ड वाचलं. दोनदा वाचलं असावं, ओठ हलत होते.

"हे मी तुला सांगितलं हुतं. गावाला न्हाय."

एवढंच. आवाज पण चढवला नाही. तेवढ्यात कुणीतरी आलं, "आजोबा, तुमच्यामुळंच बक्षीस की! या, फोटो काढू." आप्पांनी टोपी नीट केली आणि फोटोला उभे राहिले. मी शेजारी. हसत होतो की काय कोण जाणे. शेण खाल्लं मी.

१४ जाने., बुधवार
संक्रांत. आप्पांच्या हातावर तिळगूळ ठेवला. त्यांनी खाल्ला. पाणी प्यायले. बोलले काही नाहीत. रविवारपासून हेच चाललंय. सु.शी बोलतात, शेजाऱ्यांशी बोलतात.

कागलला कंपनीत सगळ्यांना मॉडेलचा फोटो मी शनिवारीच पाठवलेला. आज साहेबांनी परत विचारलं, "काय सीन आहे हा?" म्हटलं, काही नाही सर, असंच. धडधडीत खोटं. आधी खरं मांडून घाण केली, आता खोटं सांगून.

१६ जाने., शुक्रवार
पहिली पाळी. दुपारी घरी आलो, मॉडेल काढलं, ब्लेडनं बोट दाखवणारा हात कोपरापासून कापला. नवा हात केला, खिशात घातलेला. कार्ड फाडलं. रंग सुकल्यावर आप्पांपुढं नेऊन ठेवलं. शहाणाच मी.

मॉडेल जवळ ओढून बघितलं त्यांनी.
"माझा हात कुठं गेला?"
"काढला आप्पा. चुकलं माझं."
"मग ह्यो कशाला वाकलाय खाली? आपला आपण गेला व्हय त्यो?"

आप्पांनी मॉडेल माझ्याकडं सरकवलं.

"चाळीस वर्सामागं मी ह्येच लिवलं. आता तूबी तेच केलंस. लाव त्यो हात परत."

सु. दारात उभी. मग तिला सगळं सांगावंच लागलं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला गेलो आणि मेलेल्या माणसावरच ढकलून आलो.

१८ जाने., रविवार
कापलेला हात सापडेना. फरशी, चपला, केरसुणी, सगळं धुंडाळलं. नवीन करायला बसलो. आप्पा आपणहून शेजारी खुर्ची घेऊन बसले. आठवड्यात पहिल्यांदा.

"असं न्हवं. पंजा पालथा हुता. आंगठा आत." स्वतःचा हात पुढं धरला. तसाच धरून ठेवला. मी बघून बघून केलं. मधेच म्हणाले, "वडगावला जायाचं. तिला सांगायचं."

शंकरच्या बायकोला. ती आहे अजून. दर वर्षी आप्पा तिकडच्या बाजाराला जायचे ते का, हे आज कळलं. घराच्या बोळापर्यंत जाऊन परत यायचे.

सु. म्हणाली, "आप्पा, एवढ्या वर्षांनी म्हातारीला कशाला तरास? तिचा तिला इसर पडला आसंल."
"तिला वाटतंय नवरा येडा हुता, नियम मोडून मेला. तसलं इसरत न्हाई सूनबाई."

२५ जाने., रविवार
वडगाव. फोनवर लिहितोय, बाहेर ओट्यावर बसून.

निघताना मॉडेल घेऊ का विचारलं. "ते खेळणं घरात ऱ्हाऊ दे," म्हणाले. बरोबरच आहे.

म्हातारी शेंगा फोडत बसलेली. "कोण पावणं?" आप्पांनी नाव सांगितलं. तिनं लगेच ओळखलं, म्हणाली, "आवो, ह्यांच्या तोंडात सारखं तुमचंच नाव आसायचं." आप्पा खुर्चीवर बसले नाहीत. तिच्यासमोर जमिनीवर बसले, गुडघे दुखतात तरी. मला म्हणाले, "तू भाईर बस."

दार उघडंच आहे. बोलणं ऐकू येत नाही, दिसतं. आप्पांची पाठ, आणि तिचं तोंड. बोलता बोलता तिचा हात सुपातच थांबला. मूठ अर्धी मिटलेली, शेंग तशीच आत. बांगडी मनगटावरनं खाली सरकून अडकलीय. मान जरा डावीकडं.

आणि मी काय करत होतो? ती मूठ कशी करायची ते बघत होतो. आधी तार, मग पुट्टी, बांगडीला तांब्याची केसाएवढी तार. मान किती वळवायची ते माझ्याच मानेनं वळवून बघितलं. तिथं तिचं आयुष्य उलटंपालटं होतंय आणि मी मापं घेतोय. लाज म्हणून काही चीज आहे का नाही माझ्यात?

तोंड फिरवून रस्त्याकडं बसलोय आता. आतनं शेंगा फुटल्याचा आवाज अजून येत नाहीय. आप्पा अजून उठलेले नाहीत.