मागच्या चाकाचे चार स्टड

प्रिय धाकटे,

तुझी गाडी तयार झाली. मैत्रिणीकडे तुझी आबाळ होत नसेल, तरी दुसऱ्याच्या घरात अंग चोरून किती दिवस राहायचं, हे मला कळतं. तिथे राहा असं मीच सांगितलं होतं, म्हणून काय घडलं ते मीच लिहिते. फोनवर तू मध्येच बोलशील आणि मी सोयीचं तेवढंच सांगून मोकळी होईन.

मागचं डावं चाक डगमगलं म्हणून तू गाडी कडेला घेतलीस, दोन नट गायब होते आणि उरलेले दोन बोटांनी फिरत होते, हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यात एकच माणूस होता, तुझा नवरा. आदल्या रविवारी तू त्याला त्याच चाकापाशी पाना घेऊन बसलेलं पाहिलं होतंस. त्याचं म्हणणं, आवाज येत होता म्हणून नट आवळले. मी तीस वर्षं बस डेपोत फिटर होते. आवळलेला नट चार दिवसांत आपोआप सुटत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. त्यात महिनाभर तुमचं धुसफुसत होतं. मी तुला बजावलं, नट ज्यांच्यावर चढतात ते स्टड काढून बघेपर्यंत त्या घरात पाऊल ठेवू नकोस.

शनिवारी सकाळी गाडी जॅकवर चढवली तर हा दारात हजर. न बोलावता. मदतीला आलो म्हणाला. मला वाटलं, माझ्या हाती काय लागतंय ते बघायला आलाय. नजरेसमोर असलेला बरा, म्हणून थांबवून घेतला. आतून तेलाचा डबा घेऊन येते तर याने चाक उतरवलेलं, आणि चाक जिथे टेकतं ती गोल बैठक तारेच्या ब्रशने घसाघसा घासतोय. काय घासताय, मी विचारलं. गंज होता, म्हणाला, पण मान वर केली नाही. फडक्याने बैठक पुसली आणि फडकं घडी करून खिशात घातलं. असलं घाणेरडं फडकं कोणी खिशात घालतं का?

स्टडनी आमचा दिवस खाल्ला. सगळ्यांचे आटे झिजलेले. ब्रेकचा ड्रम काढून स्टडच्या मुळाशी तेल सोडलं, तासभर थांबलो. टोकावर जुना नट चढवून हातोडीने ठोकले, तेव्हा दोन निघाले, तिसरा रडतखडत. चौथा ढिम्म. जास्त ठोकावं तर आतलं बेअरिंग जायचं. शेवटी क्लॅम्पचा एक जबडा स्टडच्या टोकावर ठेवला, मागच्या बाजूला पाइपचा तुकडा धरला, आणि मी दांडा फिरवत राहिले, त्याने स्टड बसवलेला हब घट्ट धरला. टण्णकन आवाज झाला आणि स्टड सुटला. निघालेला प्रत्येक स्टड मी माझ्या डब्यात टाकत होते, त्याच्या हाती लागू देत नव्हते. त्याच्या ते लक्षात आलं होतं. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

तो गेल्यावर उजव्या बाजूचे स्टडही बघावेत म्हणून ते चाक काढायला घेतलं. पाना लावताच नट सैल. चाकामागे रंगाचा जाड थर, दबून कडेला चिरडलेला. राखाडी. आपल्या फाटकाचा रंग. तू परगावी गेलीस तेव्हा गाडी आठ दिवस माझ्याकडे होती. गंज धरू नये म्हणून चाकांमागे उरलेला रंग मीच फासला होता, चांगले दोन हात. बैठकीला रंग लावायचा नाही, तो दबला की नट ढिले पडतात, हे डेपोत मी लोकांना ओरडून सांगायचे. त्याने घासला तो गंज नव्हता.

त्याला फोन करून विचारलं, फडक्यात काय होतं? म्हणाला, "आई, तिला सांगू नका. माझ्यावरचा तिचा राग जाईल कधीतरी. पण तुमच्यावरचा विश्वास उडाला, तर तिने कोणाकडे जायचं?"

मी त्याचं ऐकलेलं नाही, त्यासाठीच हे पत्र. रविवारी त्याला बोलावून आम्ही चारही चाकं साफ केली, सगळे नट त्यालाच आवळायला दिले. तुमच्यात जे धुसफुसतंय ते तुमचं तुम्ही बघा, त्यात मी पडणार नाही. पण चाक त्याने सैल केलं, हे तुझ्या मनात मी भरवलं, तेवढं मी परत घेते. येत्या शनिवारी तो गाडी घेऊन तुझ्याकडे येईल. मी लिहिलंय हे त्याला माहीत नाही. त्याच्याबरोबर जायचं की नाही ते तूच ठरव, या वेळी मला विचारू नकोस.

तुझीच, खजील झालेली,
आई