आगंतुक खिडक्या

रविवार, ८ जानेवारी २००६

पुन्हा ते माकड!

शब्दकोड्यातला सतरा आडवा आत्ता कुठे सुचला होता. अक्षरं भरायला बोट उचललं, तोच कोड्याच्या छाताडावर एक चौकोनी खिडकी उघडली. आत पिवळ्या टोपीतलं माकड उड्या मारतंय. अभिनंदन म्हणे, तुम्ही आमचे दहा लाखावे पाहुणे, बक्षीस हवं का? मी सभ्यपणे ‘नो, थँक्यू’ दाबलं. लगेच दुसरी खिडकी — नक्की नको? पुन्हा ‘नो.’ तिसरी — वजन कमी करायचंय का? हे मला तोंडावर विचारायची केसरीनाथचीसुद्धा आजवर टाप झालेली नाही!

केसरीनाथ म्हणजे आमचे हे. समोर ‘अहो’च म्हणते. वहीत नाव घ्यायला कोण अडवतंय?

कॉम्प्युटर त्यांनीच आणला, दिवाळीत. मी मागितला नव्हता. पूर्णा गावातली जमीन गोडाऊनला दिल्यापासून यांच्या हाताला काम नाही, म्हणून घरात वस्तू आणत सुटलेत. ‘तुज्या इंग्रजीला गंज चढतोय. कोडी सोडव त्यावर.’ बरं, सोडवते. पण सोडवू देतंय कोण!

आज एकूण सात खिडक्या. सातही जणींना उत्तर दिलं. कोडं अर्धंच राहिलं.

मंगळवार, १० जानेवारी

गुणाबाई दिघाशीहून कामाला येते. आज फरशी पुसता पुसता तिचा हात थांबला. ‘बाय, ही कोन बया? हिच्या आंगाव कपडं न्हाय!’ बघते तर खिडकीत एक बाई, आणि खाली लिहिलंय — तुमच्या शहरातल्या एकट्या बायका तुम्हाला भेटायला उत्सुक आहेत. भिवंडीतल्या एकट्या बायका मला चांगल्या माहीत आहेत. त्यांना कुणालाही भेटायचं नाही. त्यांना नळाला पाणी हवंय.

गुणाबाईने पदर डोक्यावरून घेतला आणि टॉवेल आणून सबंध पडदाच झाकला. ‘तिकडून कोनी बघत आसल तर?’

‘तिकडून कुणी बघत नाही, गुणाबाई.’

‘तुमाला काय म्हाईत?’

 ‘फरशी पूस’ म्हटलं.

गुरुवार, १२ जानेवारी

वीज गेली. अकरा खिडक्या एका दमात बंद! भारनियमनाचे आयुष्यात पहिल्यांदा आभार. गल्लीतले लूमही थांबले. इतकी शांतता की भिंतीवरचं घड्याळ आगाऊ वाटायला लागलं.

शनिवार, १४ जानेवारी

संक्रांत. दिपाली तिळगूळ घेऊन आली. ही यांच्या धाकट्या भावाची मुलगी, काल्हेरच्या एका गोडाऊनच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवर बसते. इथला कॉम्प्युटर आणि तो मेसेंजर की काय, त्यावर माझं नाव, सगळं काकांच्या हुकमावरून तिनेच घालून दिलं होतं. मी खिडक्यांची तक्रार केली. म्हणाली, करून दाखवा. दाखवलं. ती पोट धरून हसायला लागली.

‘काकी, तुम्ही त्यांना उत्तर देता?’

‘मग? विचारतात ना ते.’

‘अहो, तेच पाहिजे असतं त्यांना! तुम्ही नो दाबलं की त्यांना कळतं, इकडे कोणीतरी बसलंय. मग धाडतात आणखी दहा. त्या खिडकीतलं नो पण त्यांचंच आणि येस पण त्यांचंच.’

घ्या! म्हणजे आजवरचा एकेक ‘नो, थँक्यू’ म्हणजे मीच धाडलेलं आमंत्रण!

आता यात माझी काय चूक? सिस्टर बेनेडिक्टांनी आठ वर्षं छडी घेऊन शिकवलं — कुणी विचारलं की उत्तर द्यायचं, नको असेल तर नको म्हणायचं, पण मान फिरवून जायचं नाही. पुढे टेलिफोन एक्स्चेंजात चौतीस वर्षं तोच नियम. आलेला प्रत्येक कॉल घ्यायचा. शिव्या देणाऱ्यालाही ‘नंबर, प्लीज.’ बोलणं संपल्याशिवाय कॉल जोडणारी कॉर्ड बोर्डातून काढायची नाही. चौतीस वर्षांत मी एकही खरा कॉल तोडलेला नाही. निरोपसमारंभात साहेबांनी हेच सांगितलं होतं, आणि साहेब सहसा खरं बोलत नसत.

दिपालीने युक्ती शिकवली. खिडकीला हातच लावायचा नाही. कीबोर्डवर एक बटण धरून वरचं चौथं दाबायचं. खिडकी खल्लास! ना उत्तर, ना थँक्यू. बोर्डावरची कॉर्ड खस्सकन ओढावी तसं वाटलं. एकामागून एक सहा उडवल्या. माकड उडी मारता मारता हवेतच गेलं.

तिळगूळ खाऊन गोड बोलायच्या दिवशी मी बोलणं तोडायला शिकले. सिस्टर, माफ करा.

रविवार, १५ जानेवारी

तेवीस खिडक्या उडवल्या! कोडं पूर्ण. केसरीनाथने स्वतःच्या हाताने चहा करून आणला आणि माझ्या मागे उभे राहिले. तो चहा नव्हता, पण उद्देश चांगला होता.

एक खिडकी आज वेगळी आली. अकराच्या सुमारास. कोपऱ्यातून, लहानशी, करड्या रंगाची. नाचणं नाही, बक्षीस नाही. ‘मृणाली०३’ तुमच्याशी बोलू इच्छिते. हो की नाही?

आता मराठी नावं घेऊन यायला लागल्या! आणि नाव तरी कुठलं — माझ्या पोटी मुलगी आली असती तर हेच ठेवणार होते. चांगल्या नावाची काय ही अवस्था. चौथं बटण.

मागून केसरीनाथ म्हणाले, ‘अगं, कोन होतं ते?’

‘एकटी बाई’, मी म्हटलं. ते निघूनच गेले.

बुधवार, १८ जानेवारी

हे काल दुपारी तासभर बाहेर होते. ‘नाक्यावर जाऊन आलो.’ नाक्यावर जाऊन आलेल्या माणसाचा एकच कान लाल नसतो. फोनच्या बूथवर गेले होते. यांना वाटतं मला कळत नाही! तारेच्या दोन्ही टोकांना माणसं कशी बसलेली असतात हे ऐकून ऐकून मी म्हातारी झाले.

कुणाला फोन, तेही ठाऊक आहे. वहीपासून काय लपवायचं?

मी निवृत्त झाले त्याला तीन महिने झाले होते. न्यूझीलंडहून जीवनचा फोन. एकुलता एक मुलगा. ‘आई, मी लग्न केलं. गेल्या आठवड्यात.’ दाढ काढून आलो, अशा आवाजात! मुलगी कोण, कुठली, काही ऐकलं नाही मी. ‘राँग नंबर’ म्हटलं आणि रिसीव्हर ठेवला. परत वाजला. परत ‘राँग नंबर.’ तिसऱ्यांदा वाजला नाही.

तर एक खरा कॉल मी तोडलाय. पण तो ड्युटीवर नव्हे. साहेबांच्या भाषणात तो येत नाही.

त्याच दिवशी यांना सांगितलं, त्याचं नाव या घरात काढायचं नाही. चार वर्षं होतील. यांनी काढलं नाही. मीही नाही. कधी कधी वाटतं, कुणीतरी एकाने नियम मोडावा. पण मी घातलेला नियम मीच कसा मोडू?

रविवार, २२ जानेवारी

एकतीस.

ती मृणाली पुन्हा. बरोबर अकरा. या खेपेस निरोपही होता. काय होतं म्हणाल? इंग्रजी जे, जे, जे, जे, मग दोन के, मग अर्धविराम, मग सबंध ओळभर ए! माझ्यासारख्या कोडी सोडवणाऱ्या बाईनेही हात टेकले. जाहिरात करायची तर निदान भाषा तरी शिका! चौथं बटण. दोन मिनिटांनी परत आली — आता नुसते आकडे आणि एक प्रश्नचिन्ह. पुन्हा चौथं बटण.

केसरीनाथ तेव्हा नवीन शर्ट घालून शेजारच्या खुर्चीत बसले होते. विचारलं, कुठे निघालात? म्हणाले, कुठे न्हाय. घरात बसायला नवीन शर्ट! वय झालं की असं होत असावं.

सोमवार, २३ जानेवारी

गुणाबाई — ‘बाय, माकड आज न्हाय आला?’ तिला चुकल्याचुकल्यासारखं होतंय!

रविवार, २९ जानेवारी

अकराला मृणाली. आज दिपाली घरी होती, तिला म्हटलं, ही एक फार चिवट आहे, हिचा कायमचा बंदोबस्त कसा करायचा ते सांग. ती स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. तिथूनच ओरडली, ‘ब्लॉक म्हणून लिहिलंय ना, ते दाबा!’ दाबलं. संपलं.

केसरीनाथ एकदम उठले. ‘एखादी खिडकी आपल्या मानसाची आसली तर?’

‘आपली माणसं दारातून येतात. खिडकीतून येतात ते चोर.’

 ते शर्ट बदलून गच्चीत जाऊन बसले. जेवायला दोनदा हाक मारावी लागली. मी इतकं काय वावगं बोलले?

मंगळवार, ३१ जानेवारी

 आजचं आजच लिहिते.

दुपारी हे बूथवरून आले ते चपला न काढताच आत. लग्नापासून यांनी माझ्यावर आवाज चढवलेला नव्हता. आज चढवला.

‘चार येला तोडलंस तू तिला! तीन वर्साची पोर हाय ती!’

‘कोण पोर?’

‘मृणाली! जीवनची!’

मी खाली बसले. मग सगळं बाहेर आलं. जीवनला मुलगी आहे. कॉम्प्युटर यांनी त्याच्याच सांगण्यावरून आणला, मेसेंजरवरचा माझा पत्ता यांनीच त्याला कळवला. ‘आई माझा आवाज ऐकून फोन ठेवून देते, पण मुलीला कशी तोडेल?’ म्हणाला म्हणे. दर रविवारी तो तिला मांडीवर घेऊन बसायचा आणि म्हणायचा, आजीला लिही. ती दहा बोटांनी लिहायची. जे, जे, जे. आणि इथे तिची आजी तिच्या भाषेला नावं ठेवत होती!

परवा तिने बापाला विचारलं, आजी घरी नाही का?

मी भांडले. भांडायला हवंच होतं. ‘तीन वर्षं मला सांगितलं का नाहीत?’

‘तूच बोललीस, त्याचं नाव काढायचं न्हाय. मी काढलं न्हाय. म्हटलं, पोरच काढील.’

‘आणि हे नाव—’

‘तूच सांगितलं व्हतंस त्याला. तुला बहीण झाली आसती तर मृणालीच ठेवनार व्हते, म्हणून. तो लहान व्हता. त्याच्या ध्यानात राहिलं.’

चहा मी केला. दोघांनी प्यायलो. कप बशीवर नीट ठेवले गेले.

शनिवार, ४ फेब्रुवारी

दिपाली कॅमेरा लावून गेली. लिंबाएवढा. तिने मृणालीचं ब्लॉकही काढलं. वीस वेळा ‘सॉरी, काकी’ म्हणाली. म्हटलं, तू नुसतं बटण सांगितलंस, दाबलं मी.

सल्ले मात्र सगळ्यांचेच. दिपाली म्हणते, तिकडून येईपर्यंत थांबा. का म्हणून? चार वेळा त्यांनी लावला, तोडला मी. आता लावायची पाळी कुणाची हे मला शिकवू नका. गुणाबाई म्हणते, नवं लुगडं नेसा, तिकडून बघत्यात. शेवटी तिचंच खरं!

जीवनशी काय बोलायचं ते चार दिवस घोकतेय. ‘नंबर, प्लीज’च्या पुढे काही सुचत नाही.

केसरीनाथने शर्टाला स्वतः इस्त्री केली. उजवी बाही जाळली.

रविवार, ५ फेब्रुवारी

अकरा वाजता मीच लावला. चित्र अडकत अडकत आलं. आधी कपाळ, मग दोन डोळे, थेट केसरीनाथचे. म्हटलं, ‘हॅलो, मृणाली.’ तिने मला नीट न्याहाळलं, एक बोट उचललं आणि मला बंद केलं!

परत लावला. परत तेच बोट. पण खिडकी जाता जाता मागून एक आवाज ऐकू आला. चार वर्षांनी. ‘अगं थांब, ती जाहिरात नाही, माझी आई आहे!’

आमच्याच घरची आहे. शंकाच नको.

तिसऱ्यांदा लावतेय.