मेहेरमध्ये बिटकॉइन

अब्बा, परवा तुमच्या नातीच्या मेहेरची, निकाहात नवऱ्याने तिला काय द्यायचं याची, बोलणी झाली आणि त्यात मी जे बोललो त्यामुळे ती दोन दिवस माझ्याशी धड बोलत नव्हती. तुम्हाला मधलं काहीच माहीत नाही, म्हणून सुरुवातीपासून सांगतो. माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान अजून नाशिकरोडलाच आहे. ते काम मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, जळालेल्या मोटारी उकलून शिकलो, हे तुम्ही पाहिलंय. बिटकॉइनही मी तसंच शिकलो. हे नाणं कुठलं सरकार पाडत नाही. ते कॉम्प्युटरवरच असतं, आणि त्याची गुप्त किल्ली ज्याच्याकडे, तो त्याचा मालक. लोक त्याच्यावर जुगार खेळतात, मी खेळत नाही. उधारीवर घेत नाही, व्याजाने लावत नाही, पुढच्या महिन्याच्या भावावर पैज मारत नाही. घेतो ते रोखीने, आणि किल्ली माझ्या ताब्यात आली की मगच त्याला माझं म्हणतो. दर रमजानला त्याची जकातही काढतो, गरिबांचा हिस्सा म्हणून.

हे नियम मी वाचून शिकलो असं लोकांना सांगतो. वाचलंय मी भरपूर, पण मुळात ते दिंडोरीकडच्या द्राक्षबागेतले आहेत. मी तेव्हा तुमचा टेम्पो चालवायचो. बाग फुलोऱ्यात आहे, बाकीचे व्यापारी इसार देऊन मोकळे झालेत, आणि तुम्ही बांधावर बसून सुपारी कातरताय. शेतकरी म्हणतोय, "चाचा, आत्ताच घेऊन टाका ना, सस्त्यात देतो. मागनं भाव लय चढंल." तुम्ही मान वर न करता म्हणताय, "मण्यात पाणी उतरू दे. जे लागलंच नाही त्याचा सौदा कसा करू? गारा पडल्या तर तू माझं तोंड बघशील, मी तुझं." पुढे पाणी उतरून मणी गोड व्हायला लागल्यावर आपण परत गेलो. तुम्ही घडाच्या शेंड्याचा मणी तोडून तोंडात टाकलात, कारण गोडी तिथे सगळ्यात शेवटी पोचते, आणि चढ्या भावाने बाग घेतलीत. परतताना मी कुरकुरलो तेव्हा म्हणालात, "आता मी काय घेतलंय ते मला माहितीये." बस, एवढंच.

जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेरच्या टपरीवर मी हे सगळं लोकांना समजावतो. एक जण दर वेळी मला चिडवतो, "उस्ताद, तुमचं नाणं एकदा दाखवा तरी!" मी म्हणतो, "मोटारीतली वीज दाखवतो का मी तुला? हात लाव, कळेल." सगळे हसतात, पण ऐकतात. त्या ऐकणाऱ्यांतच तुमच्या नातीचा होणारा नवरा होता. पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो, सुट्टीत घरी आला की जुम्म्याला आमच्यात असतो, मुलगा नेक आहे. परवा बोलणी चालू असताना त्याने स्वतःच तोंड उघडलं. "मेहेर मी बिटकॉइनमध्ये देतो. उधार ठेवणार नाही, निकाह झाल्या झाल्या तिच्या ताब्यात. तुमच्याकडूनच शिकलोय." सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि अब्बा, माझ्या तोंडून ताबडतोब निघालं, "नको. सोनं लिहा."

पाहुणे गेल्यावर ती स्वयंपाकघरात कांदा परतत होती, तो जरा जोरातच. मी पाणी प्यायला गेलो.

"अब्बू, तुमच्या पैशाला चालतं, मग माझ्या मेहेरला का नाही?"

"भाव खालीवर होतो, बेटा."

"सोन्याचा होत नाही?"

"सोनं हातात घेता येतं."

"किल्ली ताब्यात आली की झालं, हे टपरीवर कोण सांगतं?" तिने गॅस बारीक केला. "आणि मेहेर माझा आहे. नको म्हणायचं तर मी म्हणेन. तुम्ही कसे म्हणालात?"

एवढ्या बारीक नियमांचा मी, आणि मेहेर मुलीचा हक्क असतो, बापाचा नाही, हा पहिलाच नियम भर बैठकीत माझ्याकडून सुटला. त्याच संध्याकाळी जावयाला फोन करून सांगितलं, माझं बोलणं धरू नका, ती सांगेल तेच लिहायचं. मला वाटलं, आता सुटलो मी. पण आज सकाळी चहा देताना तिने विचारलं, "मौलाना साहेब काय म्हणतात याच्यावर?" मी म्हणालो, बिटकॉइन चालतं की नाही यावर उलेमांमध्ये दोन मतं आहेत, आणि दोन्ही मतं तिला नीट फोड करून सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं. "ते नाही हो. आपल्या मशिदीतल्या मौलाना साहेबांना तुम्ही विचारलंत का?"

मी चहात बिस्किट बुडवलं, ते विरघळून खाली बसलं.

तिने ठरवलंय, उद्या असरच्या नमाजनंतर ती स्वतः जाऊन विचारणार, तोवर मेहेरचं काही ठरणार नाही. ते हो म्हणाले तर बिटकॉइन, नाही तर सोनं. तिचं काम सरळ आहे. माझं नाही. ते नाही म्हणाले तर इतक्या वर्षांचं माझं सगळं ज्ञान टपरीवरच राहील. शेंड्याचा मणी मी आजवर तोंडात टाकलेलाच नाही.

हा कागद दुकानात तांब्याच्या तारेच्या रिळांमागे ठेवून देईन. तुम्ही असतात तरी तो तुम्हाला कुणाकडून वाचून घ्यावा लागला असता, तुम्हाला उर्दूच वाचता यायचं. एकच सांगायचं राहिलं. सकाळी दुकानाला निघताना मी तिला म्हणालो, तुझं विचारून झालं की आणखी एक विचार, एका ओळखीच्या माणसाने आधीच घेऊन ठेवलंय, त्याने काय करावं. ती म्हणाली, "अब्बू, तो माणूस दर जुम्म्याला पहिल्या सफीत, मौलाना साहेबांच्या मागच्याच रांगेत बसतो, हे पण सांगू का?" मी म्हणालो, नको. मग चपला घालून झाल्यावर म्हणालो, सांग.