जुना बार कोणाला द्यायचा

मी, खाली सही करणारी, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली ऑपरेटर, वय त्रेसष्ट, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि उभ्याने लिहीत आहे. उद्या सकाळी हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी मला भरती व्हायचे आहे आणि आज एका जागी बसवत नाही. दर कलमानंतर मी खोलीत चक्कर मारून येते, त्यामुळे अक्षर वरखाली झाले असेल. बुद्धी ठिकाणावर असल्याची खात्री वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई देतील. त्यांच्याशी मी सकाळीच पाण्याच्या टाकीवरून भांडून आले आहे.

कलम १. राहते घर आणि बँकेतील ठेव माझ्या एकुलत्या मुलीला मिळावी. तिने घर रंगवावे, पण मागच्या खोलीतली फरशी बदलू नये. ती मी वजनाच्या लोखंडी प्लेटा आपटून फोडली आहे आणि मला त्याचे वाईट वाटत नाही.

कलम २. जावईबापूंकडे व्यायामाचे कोरे करकरीत, भारी यंत्र आहे. त्यावर टॉवेल वाळतात. माझे वजन उचलायचे जुने सामान पाहून ते म्हणाले होते, "आई, हे भंगार कशाला उचलून आणलंत?" त्यांना माझी कपडे वाळत घालायची दोरी, चिमट्यांसकट, द्यावी. म्हणजे यंत्र मोकळे होईल.

कलम ३. हे कलम माहितीसाठी. माझी सारी नोकरी कानाला हेडफोन लावून खुर्चीत गेली. निवृत्तीनंतर पाण्याची बादली उचलताना मनगट मोडले. डॉक्टर म्हणाले, हाडे ठिसूळ झालीत, वजन उचलत जा. नवे सामान परवडेना म्हणून जुने शोधत हिंडले. जी कोणी पुढे हिंडेल तिच्यासाठी लिहून ठेवते. बार, म्हणजे प्लेटा अडकवायचा लोखंडी दांडा, जमिनीवर घरंगळवून पाहावा, वाकलेला असला तर लंगडतो. प्लेट काट्यावर घालावी, तिच्यावरच्या आकड्यावर विसंबू नये. प्लास्टिकमध्ये सिमेंट भरलेल्या प्लेटांचा पुढे भुगा गळतो. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने निघतो, तो दाखवून भाव पाडावा. बेंचच्या जोडाला तडा असेल तर ते फुकटही घेऊ नये.

कलम ४. बार, प्लेटा, बेंच आणि स्टँड माझ्या धाकट्या बहिणीला मिळावेत. त्याचे कारण असे.

आई आजारी असताना एकदा मी ड्यूटीवरून घरी आले, तो पलंग रिकामा. धाकटीने मला न विचारता आईला आपल्या घरी नेले होते. आई तिथेच गेली. मला कळले तेव्हा सगळे आटोपले होते. त्यानंतर कित्येक वर्षे आम्ही बोललो नाही. तिने घर बदलल्याचेही मला ठाऊक नव्हते. म्हणून जुन्या सामानाच्या जाहिरातीतला पत्ता शोधत मी गेले, तर दार तिनेच उघडले.

"बार बघायला आलात का?" तिने विचारले.

"हो. कुठंय?"

आत भावजी, तिचे यजमान, खुर्चीत बसले होते. म्हणाले, "गुडघे गेले, नाहीतर विकला नसता." मग ते छताकडे पाहू लागले. मी बार घरंगळवला. सरळ गेला.

"गंज आहे," मी म्हणाले.

"गंज नाही, डाग आहे."

"घासून निघतो का?"

"निघतो."

"मग गंजच. भाव कमी करा."

भावजी हसले. आम्ही नाही.

टेम्पोवाला जिना चढायला तयार होईना. बारचे एक टोक तिने धरले, एक मी. वळणावर तो भिंतीला अडकला. ती म्हणाली, "ताई, तुझं टोक वर घे." मी वर घेतले.

पुढच्या आठवड्यात ती बारच्या राहिलेल्या क्लिपा घेऊन आली. मी बार उचलत बेंचवर आडवी होते. ती दारातूनच म्हणाली, "एकटी करू नकोस. अडकला तर गळ्यावर येईल." तेव्हापासून ती येत राहिली. बेंचवर पडले की ती डोक्याशी उभी. जिच्याशी बोलायचे नाही असे ठरवले होते, तिच्या हाताखाली मान द्यायची, याची सवय व्हायला वेळ लागला.

एकदा बार खरोखरच अर्ध्यावर अडकला. तिने तो खेचून स्टँडवर ठेवला आणि तशीच, धापा टाकत, म्हणाली, "आई गेली त्या दिवशी मी फोन केला होता. तुझी लाईन लागली नाही."

"मी एक्स्चेंजमध्ये बसत होते. माझी लाईन लागली नाही?"

"नाही लागली."

सगळ्या गावाच्या लाईनी मी जोडून देत होते.

"अजून एकदा करणारेस का?" तिने बारला हात लावत विचारले.

"करते."

तिचे खरे की खोटे, मला अजून ठरवता आलेले नाही. झडपेचे दुखणे कळल्यावर डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली, तरी ती येते. आम्ही बारवरची धूळ पुसतो. माझे हात शिवशिवतात, ते ती पाहते आणि फडके पुढे करते.

दुरुस्ती. दुपारी धाकटी साक्षीदार म्हणून सही करायला आली. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचून तिला थांबवले. "जिला काही मिळणार, तिची साक्ष चालत नाही, असं वकिलांनी बजावलंय. एकतर सामान, नाहीतर सही."

मी म्हणाले, "तू सामान घे. सहीला खालच्या किराणावाल्याला बोलावते."

धाकटीने कलम चार वाचले. फोनचा भाग तिने परत वाचला.

"खोड हे."

"अगं, तुझ्यासाठीच लिहिलंय."

"कळलं. म्हणजे तू परत यायचं नाही असं ठरवूनच बसलीयेस. खोड, आणि पेन इकडे दे."

म्हणून कलम चारमधील देणगी मी रद्द करत आहे. बाकीचा मजकूर तसाच ठेवावा, असे तीच म्हणाली. सामान कोणाला द्यायचे ते आज ठरलेले नाही. याआधी केलेले कुठलेही मृत्युपत्र रद्द समजावे.

हे सर्व मी वाचून, समजून घेतले आहे आणि तिघींनी एकमेकींसमोर सही केली आहे.

लिहून देणार: (सही) निवृत्त टेलिफोन ऑपरेटर
साक्षीदार: (सही) वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टर
साक्षीदार: (सही) धाकटी बहीण
स्थळ: मागची खोली, बेंचवर कागद ठेवून
दिनांक: भरती व्हायच्या आदल्या दिवशी, दुपारी