लेकीच्या गावात हॉटेल

४ फेब्रुवारी, गंगाखेड
शुभांगीचा फोन, पुण्याहून. पोटातली गाठ काढायचीय. वीसला भरती, एकवीसला ऑपरेशन. "आईला पंधरा दिवस पाठवा अण्णा." फक्त आईला पाठवा म्हणाली. मला कुणी विचारलं नाही. मी जाणारच, एकुलती एक लेक आहे.
प्रश्न राहायचा. लेकीला मूलबाळ होईस्तोवर तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हे आमच्यात चालत आलेलं. वडिलांनी थोरल्या बहिणीकडं सात वर्षं पाण्याचा थेंब घेतला नव्हता. शुभांगीच्या लग्नाला आठ वर्षं झाली. तीनदा गेलो, तीनदा मेव्हण्याकडं उतरलो. तिच्याकडं बसायला जाताना पाण्याची बाटली सोबत. पण मेव्हणा आता पुणं सोडून गावी आलाय. लॉजचं नाव काढलं की बायको, कमल, म्हणते, ढेकणं असतात.

६ फेब्रु.
मन्मथअप्पांच्या किराणा दुकानावर बसलो तासभर. ते माल आणायला हैदराबादला जातात अन् भारी हॉटेलात उतरतात, अर्ध्या भावात! कसं ते मोबाइलवर दाखवलं. हॉटेलचं नाव सांगत नाहीत. गावातला भाग कोणता, तारे किती, एवढंच दिसतं. आपण आपला भाव टाकायचा. त्यांना पटला तर पैसे कापून घेतात, मग नाव कळतं.
अप्पा म्हणाले, "मुनीमजी, ह्ये तर तुमचंच काम हाय. रुमालाखालचा सौदा!"
खरंच की. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अडत दुकानावर एकतीस वर्षं मुनीमकी केली. उघडे लिलाव नव्हते तेव्हा हातांवर रुमाल टाकून खाली बोटं दाबून भाव ठरायचा. शेजारच्याला पत्ता लागायचा नाही. घरी येईपर्यंत हात शिवशिवत होते.

७ फेब्रु.
कमलला न सांगता भाव टाकला. १९ तारखेपासून पाच रात्री. मुद्दाम कमी टाकला. पहिला भाव बोलणं सुरू करायला असतो. समोरचा चढवणार, मी थोडा चढणार, तोवर हिला विचारून घेऊ, असा हिशेब.
बटण दाबलं. चष्मा पुसून बघतो तर "अभिनंदन". पैसे गेले. रद्द होत नाही, परत मिळत नाही.
घासाघीस नाही, काही नाही! मोंढ्यात पहिल्या बोटाला कुणी हो म्हटलं की आम्ही आधी पोत्यात हात घालून बघायचो, माल ओला तर नाही. इथं हात कुठं घालू?
नाव मात्र आलं. शुभांगीच्या घरापासून चालत दहा मिनिटं. फोटोत गाद्या पांढऱ्याशुभ्र. भीती ओसरली तसा दिवसभर स्वतःलाच शाबासकी देत होतो.

८ फेब्रु.
कमलला सांगितलं. "बरं केलं," म्हणाली आणि डाळ निवडायला बसली. ती डाळ तिनं कालच निवडली होती.
संध्याकाळी शुभांगीला फोन. हॉटेल किती जवळ, भाव कसा पाडला, सगळं रंगवून सांगितलं. वाटलं हसेल. लहानपणी मोंढ्यात माझ्या मांडीवर बसून रुमालाखाली स्वतःचं बोट घुसवायची. व्यापारी वैतागायचे.
"चांगलं झालं अण्णा. तुमची सोय झाली." फोन ठेवला. मी आपला हॅलो हॅलो करतोय.

११ फेब्रु.
कमलचा अबोला, तिसरा दिवस. ताट वाढते ते आपटून. शेवटी मीच चिडून विचारलं, एवढं काय आभाळ कोसळलं?
"गाठ न्हाई ओ. पिशवी काढायलेत तिची."
मला कळेना.
"गर्भाची पिशवी. तिनंच म्हणलं अण्णाला सांगू नको. आता तुमी किती दिवस हॉटेलात उतरणार? मरस्तोवर?"
ताटावरून उठलो. बाहेर जाऊन उभा राहिलो तर चपला घालायच्या विसरल्या होत्या.

१२ फेब्रु.
लिहवत नाही.
ती बाटली. निळी. शुभांगीच्या बैठकीत गेलो की समोरच्या टेबलावर ठेवायचो. रीत पाळतोय असं वाटायचं मला, थोडा अभिमानच होता. जावई चांगला माणूस, कधी चकार शब्द बोलला नाही. आणि तिच्यासमोर ती बाटली तासन्‌तास. लाज वाटते.

१४ फेब्रु.
अप्पांना मोकळं बोललो. ते म्हणाले, "मग आता प्या की पाणी. अडचण काय?"
अडचण आहे. ऑपरेशननंतर प्यालो तर त्यात माझं काय? मूल होणारच नाही म्हणून प्यालो, असं होईल. ती नुसती कीव. आणि माझी पोरगी कुणाची कीव घेणारी नाही. प्यायचं तर एकवीसच्या आत प्यायचं. ती आई होऊ शकते, तरी बाप पाणी पितोय, असं तिला दिसलं पाहिजे.
अप्पांनी तराजू पुसायला घेतला. म्हणाले, "ह्ये तिला समजंल का?"
माहीत नाही.

१७ फेब्रु.
बॅग भरली. कमलनं निळी बाटली भरायला घेतली, सवयीनं. मी काढून फळीवर ठेवली. तिनं माझ्याकडं बघितलं. जेवताना ताट आपटलं नाही.

१९ फेब्रु., पुणे
रेल्वे दीड तास उशिरा. कमल स्टेशनवरून थेट लेकीकडं गेली. मला विचारलंसुद्धा नाही, आणि बरोबर केलं. हॉटेल झकास निघालं, विनाकारण संशय घेतला. अंघोळ करून अकराला शुभांगीकडं.
वाळलीय पोरगी. दार उघडलं आणि तिची नजर आधी माझ्या हाताकडं गेली. हात रिकामे.
बसलो. म्हणालो, "पाणी दे गं जरा."
स्वयंपाकघरात कमलचा हात थांबला, भांड्यांचा आवाज बंद.
शुभांगी जागची हलली नाही. "आईनं सांगितलं ना तुमाला?"
खोटं बोलवेना. "हो."
"मग नको अण्णा. आठ वर्षं तुमी आलात की मी आधी बघायची, बाटली हाय का न्हाई. वाटायचं आज विसरले असतील. आता कीव करून नका पिऊ."
मी म्हणालो, "ऑपरेशन परवा हाय. अजून पिशवी हाय तुझ्या पोटात. म्हणूनच आज मागायलोय."
बापानं लेकीशी असं बोलावं का? तोंडातून गेलं खरं. ती रडायला लागली, मग मलाही आवरेना. कमल येऊन दोघांच्या मधे उभी राहिली, कुणाला धरावं हे तिला कळेना.
पाणी आलं नाही. थोड्या वेळानं शुभांगी म्हणाली, "तुमी हॉटेलवर जा अण्णा. मला पडायचंय जरा." आलो. जेवायला खाली गेलो नाही, संध्याकाळीही नाही.

२० फेब्रु., सकाळ
दवाखान्यात दुपारी तीनला जायचंय. म्हणजे अर्धा दिवस हातात आहे.
खोली सोडतोय. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, अजून चार रात्री आहेत. पैसे परत मिळणार नाहीत."
म्हटलं, ठाऊक आहे.
"रूम आवडली नाही का?"
"लय आवडली बाई."
बिचारीला काही कळेना. म्हणाली, निदान नाष्टा तरी करून जा, त्यातच धरलेला आहे. खाली पोह्यांचा वास सुटलाय, पोटात कावळे ओरडतायत. नको म्हणालो. अंग पुसायला घेतलेले टॉवेल घडी करून ठेवले. आता या चार ओळी लिहून उठतो.
फोन केलेला नाही, कमललाही नाही. बॅग घेऊन दारात उभा राहणार आणि जेवायला मागणार. नाही म्हणाली तर बसून राहीन. तीन वाजता दवाखान्यात सोबत जाईन, तिथंही मागेन. आठ वर्षं तिनं विचारलं आणि मी नको म्हणालो. आता नाही म्हणायचा तिलाही तेवढाच हक्क आहे.
काल सकाळपासून पोटात काही नाही. तसाच निघतो.