डावऱ्या हाताचा फोटो

आबा, काल मी तुमच्या संपादकाला न्हाई म्हनले. तेच साहेब, केस पांढरे झालेत, बाकी तसेच हायत. शाळेत हजेरीला "हजर" म्हनायलाबी माझा आवाज फुटत नव्हता, नववीतच शाळा सुटली त्यात तेबी एक कारण. म्हनून तुमाला सांगावं वाटलं.

तुमचं अन् त्यांचं भांडण मला याद हाय. मी दुसरीत असंल. सायकलवर पुढं बसवून तुमी मला मासिकाच्या हापिसात नेलतं. तांड्यावरचा एक बाबा गाडी जुंपून ऊसतोडीला निघाला, तो फोटो तुमी काढलता. छापला तो उलटा. डावीकडं जुपायचा बैल उजवीकडं. तांड्यावर लोकं बाबाला म्हनून राहिले, "काय रे, बैलं जुपायचंबी इसरला का?" तुमी अंक टेबलावर ठिवला. "साहेब, काहून पालटला?" साहेब शांतपणे म्हनले, "तुझा माणूस पानाच्या बाहेर पाहून राहिला. वाचकाची नजरबी बाहेर जाते." तुमी म्हनले, "बाहेरच चालला व्हता तो. गाव सोडून. तुमी त्याला घरी आणून बसवला." साहेब हसले, तुमी न्हाई. त्यानंतर त्या मासिकाला तुमी एकबी फोटो दिला न्हाई. लग्नाचे फोटो काढत राहिले अन् पुढच्या साली देवाघरी गेलात. आई अजून म्हनती, "एका बैलापायी नाव घालवलं माणसानं."

आता माझं ऐका. मी बाळापुरात स्टुडिओत काम करते, अन् सुट्टीच्या दिवशी तुमच्यासारखी हिंडते. पुसेगावची एक मावशी हाय, डावरी. डाव्या हातानं पेरलं तर उगवत न्हाई म्हनून सासरच्यांनी तिला कधी तिफणीमागं उभंच केलं न्हाई. औंदा नवरा ट्रकवर गेला, मग तीच तिफणीच्या चाड्यात बियाची मूठ सोडून राहिली, डावी मूठ. बांधावरून दीर म्हनतो, "वहिनी, जमीन वळखंल का हा हात?" ती न थांबता म्हनती, "वळख करूनच देऊन राहिले, भाऊजी." तेवढ्यात मी बटन दाबलं.

काल मासिकाच्या हापिसात साहेबांनी तो फोटो लई येळ पाहिला. "बापाची नजर आली तुला," म्हनले. मग कंप्युटरवरच्या माणसाला म्हनले, "उजव्या पानावर घे. अन् फिरव, बाई बाहेर पाहून राहिली." आता निगेटिव्ह उलटी ठिवायची तकलीफ न्हाई, आबा. एका बटनात मावशीचा हात उजवा झाला. माझा पहिला फोटो छापून येणार म्हनून आईला सांगून बसले व्हते मी. तरी म्हनले, "मावशी डावरी हाय."

"वाचकाला काय कळतं?"

"तिच्या दिराला कळतं."

"मग? तूबी बापासारखी उठून जाती का?"

"न्हाई जात. फोटो नका पालटू, पान पालटा. डाव्या पानावर घ्या, मग ती आतच पाहती."

साहेबांनी चष्मा काढला. "हे तवा तुझा बाप काहून न्हाई बोलला?"

मी म्हनले, "तुमीबी न्हाई बोलले." येवढं मी बोलले, आबा. साहेबांनी चष्मा परत घातला अन् कंप्युटरवरच्या माणसाला म्हनले, "घे डावीकडं."

आता एकच राहिलं. तुमचा घरात एकच फोटो हाय, आरशासमोर उभं राहून तुमीच काढलेला. त्यात तीळ उजव्या गालावर हाय, आई म्हनती डाव्या गालावर व्हता. परवा स्टुडिओत कोनी नव्हतं तवा मी तुमाला पालटून पाहिलं. बराबर आई म्हनती तसे झालात. पन मला वळखूच आले न्हाईत. म्हनून परत उलटे केले. भिंतीवर तसेच हायत.

हा कागद क्यामेऱ्याच्या पिशवीत राहू देते. तुमाला मी उलटंच ठिवलं, तेवढं साहेबाला कळू द्यायचं न्हाई.